रंग सगळ्यात शेवटी: जुन्या लाकडी सामानातून बाळाचा कोपरा

जुनं सागवानी सामान बाळासाठी वापरायचं ठरलं की घरात पहिली चर्चा रंगाची होते. पांढरा द्यायचा, पिस्ता द्यायचा, की लाकडाचाच रंग ठेवून पॉलिश करायचं? हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवा, असं मी सांगेन. त्याआधी तीन गोष्टी ठरवायच्या असतात: ही वस्तू बाळाच्या कोणत्या कामाला योग्य आहे, तिच्यावर आज कोणता रंग चढलेला आहे, आणि तिच्या आकारात बाळाचं बोट, मान किंवा डोकं अडकण्याची जागा आहे का. यांची उत्तरं समाधानकारक मिळाली तरच नव्या रंगाचा डबा उघडायचा.

जुन्या लाकडाचा मोह होतो, तो योग्यच आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं सागवानी कपाट सहसा सावकाश वाढलेल्या झाडाच्या गाभ्यातून केलेलं असतं. त्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला फारशी जात नाही. इतके पावसाळे फुगून आणि उन्हाळे आटून ते लाकूड आता स्थिरावलेलं असतं. उलट आज बाळाच्या खोलीसाठी म्हणून मिळणारं बरंच सामान एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्डाचं असतं. त्यातला भुसा ज्या रेझिनने चिकटवतात, त्यातून नवेपणी फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडत राहतो. भरीव जुन्या लाकडात ही अडचण येत नाही.

घरात असं काही नसेल तर मुंबईत ओशिवऱ्याला जुन्या फर्निचरची दुकानं आहेत, पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. विकत घेताना समोरचा चकचकीत भाग बघू नका. वस्तू उलटी करा, खण पूर्ण बाहेर काढा, मागची फळी बघा. प्लायवर सागाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल तर तो कडेला दिसतोच. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर ती लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची. भोकं जुनी आहेत की आत कीड अजून जिवंत आहे, हे तपासायला वस्तूखाली काळा कागद पसरून आठ-दहा दिवस ठेवा. कागदावर ताजं, फिकट पीठ पडलं तर ती वस्तू बाळासाठी घेऊ नका. कीड मारायचं औषध भरलेलं लाकूड तान्ह्या मुलाच्या तोंडाशी यायला नको. सांध्यांमध्ये पांढरी पूड दिसली तर तीही फुंकून उडवू नका. पूर्वी ढेकणांसाठी खाटांच्या आणि पाळण्यांच्या खाचांत डीडीटी किंवा गॅमेक्सिन भरायची पद्धत होती. ती पूड असल्याचा संशय असला तरी माझ्या मते ती वस्तू बाळाच्या यादीतून काढून टाकावी.

आता कामाची वाटणी. जुनी वस्तू ज्या कामासाठी बनली त्याच कामाला लावली पाहिजे, असं नाही. खणांचं कपाट बाळाच्या कपड्यांसाठी उत्तम. पितळी पट्ट्यांची पेटी खेळण्यांसाठी चांगली, पण झाकण काढून टाकलं तरच. जड झाकण पडून बोटं चेंगरतात, मान अडकते, आणि मूल आत जाऊन बसलं व वरून कडी लागली तर श्वास कोंडतो. झाकण भिंतीवर फळी म्हणून लावा, पेटी उघडीच ठेवा. आरामखुर्ची बाळाच्या आईला पाजायला उपयोगी पडते. मात्र घडीच्या आरामखुर्चीचे सांधे कात्रीसारखे मिटतात, तेव्हा मूल रांगायला लागलं की ती तिथून हलवायची. राहिला पाळणा. घराची सगळी माया त्याच्यात असते, म्हणून ‘नाही’ म्हणणं तिथेच सगळ्यात अवघड जातं. बाकीच्या सामानाजवळ बाळ जागेपणी, कुणाच्या तरी नजरेसमोर असतं. पाळण्यात ते एकटं झोपतं. म्हणून पाळण्याची परीक्षा सगळ्यात कडक हवी.

पुठ्ठ्याचा बरोबर सहा सेंटीमीटर रुंदीचा ठोकळा करा आणि तो पाळण्याच्या कठड्याच्या दोन गजांमधून घालून बघा. सहज आरपार गेला तर फट जास्त आहे. बाळाचं अंग त्यातून खाली सरकतं आणि डोकं अडकतं. जुन्या कातारकामाच्या पाळण्यांत गज मध्ये बारीक आणि टोकांना जाड असतात, तेव्हा ठोकळा मधल्या भागात, जिथे फट सगळ्यात मोठी आहे, तिथेच लावायचा. एखादा गज निखळलेला असेल तर सगळे गज हाताने पिळून बघा, कारण एक सैल असला की शेजारचेही बहुधा सैल असतात. साधारण पाच ते बारा मिलिमीटरच्या भोकांत आणि फटींत बाळाचं बोट जातं आणि बाहेर येत नाही. अशा जागा लाकडी खुंटी आणि फेव्हिकॉलने बुजवून टाका. खांबांवरचे कळस, पोपट, मोर दिसायला सुंदर असतात, पण झबल्याची नाडी किंवा गळ्यातला दोरा त्यांच्यात अडकतो. ते कापून समतल करायला जीव होत नसेल तर तो पाळणा शोभेसाठी ठेवा, त्यात बाळाला झोपवू नका.

पाळण्याचा तळही बघा. नवार किंवा वेताचा तळ वर्षानुवर्षांच्या वजनाने मध्ये झोळ खातो. तान्ह्या बाळाला मान सावरता येत नाही, खोलगट जागेत हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा होतो. नवार काढून भरीव, सपाट लाकडी पट्ट्यांचा तळ बसवून घ्या. त्यावरची गादी टणक हवी आणि चारही बाजूंनी इतकी बसती हवी की गादी आणि कठडा यांच्यात दोन बोटांहून जास्त जागा राहणार नाही. मऊ कापसाची जाड गादी, मोहरीची उशी, कडेने लावलेले लोड, हे सगळं बाहेर. बाळ उताणं, सपाट, मोकळ्या गादीवर झोपलं पाहिजे.

टांगत्या पाळण्यात साखळ्या, कड्या आणि आकडे लाकडापेक्षा आधी झिजतात. आकडा जिथे कडीत बसतो त्या जागी धातू किती घासला आहे ते नीट प्रकाशात बघा आणि शंका आली तर सगळेच नवे आणा. छताच्या हुकावर विसंबण्यापेक्षा रुंद पायांचा स्टँड बरा, तोही भरपूर झुलवून पाहिलेला. बाळ पालथं पडून हातांवर अंग उचलायला लागलं की टांगता पाळणा उतरवायचा. साधारण चार-पाच महिन्यांत ही वेळ येते, आणि तोपर्यंतच त्याचं आयुष्य धरून त्याच्यावर खर्च करा.

काही घरी परदेशातल्या नातेवाइकांची जुनी क्रिब येते, विशेषतः अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांत एकाकडून दुसऱ्याकडे जाते. जिची एक बाजू वरखाली सरकते अशी क्रिब घेऊ नका. बाजू निखळून बाळं अडकल्याच्या घटनांनंतर अमेरिकेने २८ जून २०११ पासून अशा क्रिबच्या विक्रीवर बंदी घातली. तिला नवीन स्क्रू मारून पक्की करण्याचा उद्योग करू नये.

आता जुन्या रंगाकडे. या लेखातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. आपल्याकडच्या जुन्या ऑइलपेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, केशरी, लाल आणि हिरव्या रंगांत, शिसं भरपूर असायचं. शिशाचे क्षार रंगाला झळाळी देतात आणि तो लवकर वाळवतात, म्हणून ते घातले जात. शेंदूर हा तर शिशाचाच ऑक्साइड. केंद्र सरकारने २०१६ साली नियम केला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं घालून उत्पादन करायला मनाई झाली. याचा अर्थ, त्याआधी रंगवलेल्या कोणत्याही वस्तूवर शिसं आहे असंच धरून चाला. वर नवा पांढरा हात मारलेला असला तरी खाली जुने थर असतातच. खणाच्या तळाशी किंवा बिजागरीमागे पात्याने हळूच खरवडलं की ते एकाखाली एक दिसतात.

शिशाचं विष मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला कितीतरी जास्त बाधतं. पोटात गेलेल्या शिशापैकी मूल मोठ्यांच्या चार-पाच पट शोषून घेतं, आणि ते वाढत्या मेंदूवर परिणाम करतं. त्याची सुरक्षित मात्रा अशी नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दात येऊ लागले की बाळ कठड्याची वरची दांडी चघळतं, ते कुणी थांबवू शकत नाही. रंगाचा एक टवका पुरेसा असतो. आणि त्याहून घातक असते ती घासताना उडणारी धूळ, जी जमिनीवर, चटईवर बसते आणि रांगणाऱ्या हातांवरून तोंडात जाते.

म्हणून आपल्याकडची रूढ पद्धत इथे मोडायला हवी. पॉलिशवाले घरी येतात, हॉलमध्ये किंवा गॅलरीत वस्तू आडवी टाकून यंत्राने कोरडी घासतात, आणि रंग जाड असेल तर ब्लोलॅम्पने जाळून उचकटतात. शिशाच्या रंगाला या दोन्ही गोष्टी पूर्णपणे वर्ज्य. कोरड्या घासण्याने विषारी धूळ घरभर होते, आणि सुमारे ६०० अंशांवर तापवलं की शिशाची वाफ होते. ज्या घरात गरोदर बाई आहे तिथे तर हे काम अजिबात नको, कारण आईच्या रक्तातलं शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. तिने हाताने घासायचं नाही, शेजारच्या खोलीतही बसायचं नाही.

मग काय करायचं? रंग तपासून घेता येतो. मोठ्या शहरांत रंगांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, तिथे टवका देऊन शिशाचं प्रमाण कळतं. ते जमत नसेल तर शिसं आहेच असं समजून काम करा. जागा घराबाहेरची, मोकळी, खाली जाड प्लॅस्टिक. लाकडावर साबणाचं पाणी फवारत ओल्यानेच पात्याने खरवडायचं, म्हणजे धूळ उडत नाही. उरलेला रंगही ओल्या पॉलिशपेपरनेच काढायचा. नाकातोंडाला नीट बसणारा एन-९५ मास्क, रुमाल नव्हे. पेंट रिमूव्हर वापरणार असाल तर बंद जागेत कधीही नाही. त्यातल्या कित्येकांत मिथिलीन क्लोराइड असतं आणि कोंडलेल्या खोलीत त्याच्या वाफेने माणसं दगावली आहेत. खरवड प्लॅस्टिकमध्येच गुंडाळून दोन पिशव्यांत बांधा. ती बागेत, कुंडीत किंवा नाल्यात जाता कामा नये. जमीन झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. कामाचे कपडे बाळाच्या कपड्यांसोबत धुऊ नका.

हे काम तुम्ही पैसे देऊन करून घेत असाल तर कारागिराला शिशाचं नीट समजावून सांगा आणि मास्क तुम्हीच द्या. त्याच्याही घरी मुलं असतात आणि तीच धूळ त्याच्या सदऱ्यावरून त्यांच्यापर्यंत जाते. एवढी खटपट शक्य नसेल तर रंगवलेली वस्तू मोठ्यांच्या खोलीत राहू द्या आणि बाळासाठी कधीच रंगवली न गेलेली, नुसतं पॉलिश असलेली वस्तू निवडा. जुन्या रंगावरच नवा रंग मारून ‘झाकून टाकणं’ ही चघळल्या जाणाऱ्या जागांसाठी तोड नाही. पहिल्याच दातांनी वरचा थर जातो.

रंग उतरला की सांधे. जुने सांधे सरसाने जोडलेले असतात आणि सरस गरम पाण्याने मऊ होतो, म्हणून हलणारा सांधा खिळे ठोकून आवळण्याऐवजी गरम पाण्याच्या फडक्याने सोडवा, जुना सरस खरवडून काढा, मग फेव्हिकॉल लावून शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवा. ठोकलेला खिळा काही महिन्यांत वर डोकं काढतो. खणांच्या मुठी पाठीमागून बोल्ट आणि नटने बसवा. जी मूठ किंवा बोंडी सव्वातीन सेंटीमीटरपेक्षा लहान आहे ती निघाली तर बाळाच्या घशात अडकू शकते.

खणांचं कपाट भिंतीला बांधल्याशिवाय बाळाच्या खोलीत ठेवू नका. मूल उभं राहायला लागलं की खालचा खण ओढून त्यावर पाय देतं, आणि सागवानी कपाट पुढे झुकलं की सावरायला वेळ मिळत नाही. वरच्या कडेला दोन एल-पट्ट्या, भिंतीत प्लग आणि चांगल्या लांबीचे स्क्रू एवढ्यावर काम होतं. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून दोन भोकं पाडा. घर सोडताना ती बुजवता येतात. खण पूर्ण बाहेर येऊ नयेत म्हणून आतून लाकडी अडणी ठोका आणि जड गोष्टी खालच्या खणात ठेवा. या कपाटाच्या माथ्यावर बाळाचे लंगोट बदलण्याची सोय हल्ली पुष्कळ जण करतात. मला ती पटत नाही. खाली सतरंजीवर बदललं तर बाळ पडायचा प्रश्नच उरत नाही.

घासण्याबद्दल फार सांगायला नको. आधी १२० नंबरचा कागद, मग १८०, मग २२० किंवा ३२०, प्रत्येक वेळी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. सगळे कोपरे आणि कडा गोल करा. झालं की कापसाचा बोळा सगळीकडून फिरवा. जिथे कापूस अडकतो तिथे बाळाचं बोट सोललं जाईल. साग आणि शिसव यांचा भुसा काहींच्या त्वचेला आणि श्वासाला त्रास देतो, म्हणून रंग नसलेल्या लाकडालाही मास्क हवाच.

आता लेपाची निवड, आणि इथे मी लाखेच्या पॉलिशच्या बाजूची आहे. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी लाख गोळ्यांवर, मिठायांवर लेप म्हणून वापरतात. ती स्पिरिटमध्ये विरघळवून फडक्याने पातळ पातळ चढवायची. स्पिरिट उडून जातं, लाख राहते. तयार बाटलीपेक्षा चपडीची लाख आणून घरी विरघळवा, म्हणजे आत आणखी काय आहे याची खात्री राहते. त्यात रंगासाठी पूड घालायची असेल तर गेरू चालेल. ओळख नसलेली झगझगीत पिवळी किंवा केशरी पूड नको. लाखेला पाणी आणि गरम भांडं सोसत नाही, पांढरे डाग पडतात. पण डाग पडलेल्या जागी पुन्हा एक हात फिरवला की ते जातात. रोज चघळली जाणारी, धुतली जाणारी वस्तू असेल तर पाण्यावर आधारित पीयू (पॉलियुरेथेन) घ्या, आणि डब्यावर खेळण्यांसाठी योग्य असल्याचा उल्लेख आहे का ते बघा.

पॉलिशवाले हौसेने मेलामाइन सुचवतील, कारण ते स्वस्त, टणक आणि चकचकीत होतं. मेलामाइन आम्लाने सुकवतात आणि त्यातून बराच काळ फॉर्मल्डिहाइड सुटतो. बाळाच्या सामानाला ठाम नकार द्या. जवसाचं कच्चं तेल वाळायला आठवडे लागतात. ‘उकळलेलं’ म्हणून मिळणाऱ्या तेलात वाळवण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, तेही टाळा. कोणतंही जवस तेल वापरलं तरी त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका. खोबरेल तेल लाकडावर कधी वाळत नाही, ते खवट होतं. रंगच हवा असेल तर पाण्यावरचा इनॅमल घ्या, ज्याच्या डब्यावर शिसं ९० पीपीएमच्या आत असल्याचं छापलेलं आहे. सागावर थेट मारलात तर आतलं तेल वर येऊन पिवळे डाग पडतात, म्हणून आधी लाखेचा एक हात.

हे सगळं पावसाळ्यात काढू नका. दमट हवेत लाख पांढुरकी पडते आणि रंग आठवडेच्या आठवडे चिकट राहतो. काम बाळंतपणाच्या तारखेआधी निदान सहा ते आठ आठवडे संपायला हवं, कारण लेप वरून वाळला तरी आतून पक्का व्हायला महिनाभर घेतो. खण रात्रभर बंद ठेवून सकाळी उघडा. वास आला तर अजून थांबा. कित्येक घरांत बाळ येण्याआधी पाळणा घरात आणत नाहीत. ही रीत पाळणाऱ्यांना अडचण नाही, उलट सोय आहे. काम सुताराकडे किंवा आत्या-मामाच्या घरी करा, तिथेच वस्तू महिना-दीड महिना हवेवर राहू द्या, आणि बारशाला आणा.

कपाट भरताना एक शेवटची खबरदारी. जुन्या कपाटांना डांबरगोळ्यांचा वास मुरलेला असतो. या गोळ्यांतल्या नॅप्थालीनच्या वाफेने, जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ जीवघेणी होऊ शकते. बाळाला ही कमतरता आहे की नाही हे जन्मल्याबरोबर बहुतेकांना माहीत नसतं. खण उन्हात ठेवा, खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसा, आतून लाखेचा हात द्या. तरीही वास राहिला तर त्यात बाळाचे कपडे ठेवू नका, आणि नव्या गोळ्या तर मुळीच नकोत. वाळलेला कडुनिंबाचा पाला मलमलच्या पुरचुंडीत बांधून वरच्या खणात, बाळाच्या हाताबाहेर ठेवला की पुरे.

लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि थंडीत आटतं, त्यामुळे दिवाळीनंतर प्रत्येक स्क्रू, प्रत्येक गज आणि भिंतीतल्या पट्ट्या पुन्हा एकदा आवळून घ्या. मूल पहिल्यांदा धरून उभं राहील त्या आठवड्यात हीच तपासणी आणखी एकदा करा, या वेळी जमिनीवर बसून, त्याच्या उंचीवरून.